ऑफिसांच्या दलालीत उभी राहताना

घर शोधून देणारा एजंट प्रत्येकाच्या ओळखीचा असतो. सोसायटीच्या वॉचमनशी त्याची दोस्ती असते, चाव्यांचा जुडगा त्याच्याकडे असतो, आणि भाडेकरूने घर सोडलं की दुसऱ्या दिवशी त्याचा फोन येतो. पण वांद्रे-कुर्ला संकुलातला एखादा आख्खा मजला, हिंजवडीच्या आयटी पार्कातली मोठी जागा किंवा बाणेर रस्त्यावरचा बँकेच्या शाखेला हवा असलेला तळमजला कोण कुणाला मिळवून देतं, हे बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. हेही दलालीचंच काम आहे. फक्त गिऱ्हाईक कुटुंब नसून कंपनी असते, आणि एका सहीवर पाच-पाच वर्षांचे कोट्यवधी रुपये अडकलेले असतात. कॉमर्स, आर्किटेक्चर किंवा एमबीए करून मुली आता या कामात येऊ लागल्या आहेत. घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो: म्हणजे तू नक्की करणार काय? मी बरीच वर्षं हेच काम करते आहे. तो प्रश्न मला रास्त वाटतो, म्हणून त्याचं उत्तर नीट, पायरीपायरीने द्यायचं ठरवलं.

या धंद्याचे ढोबळ दोन थर आहेत. एक आंतरराष्ट्रीय सल्लागार कंपन्यांचा. सीबीआरई 1994 साली भारतात आली. जोन्स लँग लासाल, कुशमन अँड वेकफिल्ड, कॉलियर्स, नाइट फ्रँक ही नावंही आता इथे मुरलेली आहेत. दुसरा थर स्थानिक ब्रोकरांचा. फोर्टमध्ये, अंधेरीत, पुण्याच्या कॅम्पात अशी ऑफिसं आहेत, जिथे बापाचा धंदा मुलगा चालवतो आणि कुठल्या इमारतीचा मालक कधी अडचणीत असतो हे त्यांना तोंडपाठ असतं. पूर्वी या दुसऱ्या थरातली माहिती म्हणजेच धंदा होता. ती संध्याकाळच्या बैठकीत, चहाच्या टपरीवर, क्लबात फिरायची, आणि तिथे मुलींना जागाच नव्हती. ही परिस्थिती पालटायला कुणाची उदारता कारणीभूत ठरली असं मला वाटत नाही. माहिती कागदावर आली, त्यामुळे ती पालटली.

झालं असं, की महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी हवी. ती करून घ्यायची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि उद्या वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. एवढी टांगती तलवार असताना मोठा मालक नोंदणी चुकवत नाही. आणि नोंदणी झाली की सूची क्रमांक 2, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं 'इंडेक्स टू', तयार होतं. ते नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येतं. जागा कोणी कुणाला दिली, कितवा मजला, क्षेत्र किती, मोबदला किती, दस्त कधी झाला, हे त्यात दिसतं. मूळ दस्ताची प्रत काढली तर मुदत, लॉक-इन आणि भाडेवाढही कळते. हे सगळं गोळा करून विकणाऱ्या कंपन्याही आता आहेत. पण नव्या मुलीने सुरुवातीला तरी दहा-वीस दस्त स्वतः वाचावेत, असं मी आग्रहाने सांगते. एक करार शेवटपर्यंत वाचला की महिनाभराच्या प्रशिक्षणात न कळणाऱ्या गोष्टी कळतात.

नव्या मुलीचं पहिलं काम असं असतं. एक भाग वाटून दिला जातो, समजा लोअर परळ किंवा खराडी. त्यातली प्रत्येक इमारत घ्यायची, एका कागदावर मजल्यांची उभी चळत काढायची, आणि प्रत्येक मजल्यावर कोण बसलंय, किती जागेत, कोणत्या भाड्याने आणि करार कधी संपतोय ते भरायचं. याला स्टॅकिंग प्लॅन म्हणतात. अर्धी माहिती इंडेक्स टूमधून येते, उरलेली पायांनी मिळवावी लागते: लॉबीतली नावांची पाटी, लिफ्टमन, इमारतीचा फॅसिलिटी मॅनेजर, सामान हलवणारे. ज्या चौकोनात 'करार संपतो' या रकान्यात येत्या दीड वर्षातली तारीख आहे, तिथे काम मिळण्याची शक्यता असते. कारण ती कंपनी एकतर मुदत वाढवणार, नाहीतर जागा बदलणार, आणि दोन्हींसाठी तिला कुणीतरी लागणार. तुमचे काका बिल्डर नसले, वडिलांची मालकांशी ऊठबस नसली, तरी हा तक्ता तुम्ही करू शकता. म्हणूनच ओळखीपाळखी नसलेल्या मुलीला मी थेट गिऱ्हाईकं शोधायला न लावता आधी या तक्त्यावर बसवते.

परवान्याचं थोडक्यात सांगते, कारण त्यावरून गोंधळ फार होतो. रेरा कायद्यातली एजंटची नोंदणी ही नोंदणीकृत प्रकल्पातल्या विक्रीसाठी आहे. त्यात ऑफिसं आणि दुकानंही येतात. महारेराने 2023 मध्ये एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली. भाड्याचे साधे व्यवहार या कक्षेत येत नाहीत. तरीही ती परीक्षा द्यावी. कधी ना कधी गिऱ्हाईक म्हणतंच, भाडं भरण्यापेक्षा विकतच घेऊ का?

आता हिशोब. या धंद्यात भाडं सांगतात ते चौरस फुटाला महिन्याला अमुक रुपये असं. पण कोणता चौरस फूट? प्रत्यक्ष वापरायला मिळतो तो कार्पेट. त्यात भिंती, लॉबी, जिने, लिफ्ट, कधीकधी गच्चीवरच्या यंत्रांचाही वाटा मिळवून जो आकडा होतो तो चार्जेबल, आणि भाडं आकारतात ते बहुतेक वेळा चार्जेबलवर. कार्पेटचं चार्जेबलशी असलेलं प्रमाण म्हणजे इमारतीची 'एफिशियन्सी'. पाणी मुरतं ते इथे.

एक उदाहरण मांडून बघू. कंपनीला 7,000 चौरस फूट कार्पेट हवंय. पहिल्या इमारतीचा दर 100 रुपये, एफिशियन्सी 70 टक्के. म्हणजे 7,000 साठी 10,000 चार्जेबल घ्यावं लागेल आणि भाडं होईल महिना 10 लाख. दुसऱ्या इमारतीचा दर 112 रुपये, पण एफिशियन्सी 80 टक्के. तिथे चार्जेबल 8,750, भाडं 9 लाख 80 हजार. दर बारा रुपयांनी जास्त असलेली इमारत वीस हजारांनी स्वस्त पडली. शिवाय देखभालखर्च, ज्याला कॅम म्हणतात, तोही चार्जेबलवरच लागतो. दोन्हीकडे 15 रुपये धरला तर पहिल्या इमारतीत 1 लाख 50 हजार, दुसऱ्यात 1 लाख 31 हजार 250. दोन्ही मिळून दर महिन्याला 38,750 रुपयांचा फरक. पाच वर्षांत, भाडेवाढ सोडून, 23 लाख 25 हजार.

हे चौथीतलं गणित आहे. तरीही गिऱ्हाईक शंभर आणि एकशेबारा एवढंच ऐकून शंभरकडे झुकतं, आणि कितीतरी ब्रोकर त्याला झुकू देतात. नव्या मुलीने गिऱ्हाइकासमोर न बिचकता हा तक्ता मांडला की खोलीतलं वातावरण बदललेलं मी अनेकदा पाहिलंय. त्यानंतर प्रश्न तिला विचारले जातात, तिच्या साहेबांना नाही.

कागदावरची निवड झाली की जागा बघायच्या. चांगली ब्रोकर गिऱ्हाइकाच्या आधी एकदा एकटी जाऊन येते. समजा मजला बेअर शेल आहे: नुसता काँक्रीटचा सांगाडा, ना छत ना टाइल. सामान म्हणून लेझर मीटर, चपटे बूट, फोन. आधी खांब बघायचे. दोन खांबांमधलं अंतर कमी असेल तर टेबलांच्या रांगा मोडतात आणि नकाशावर बसणारी माणसं प्रत्यक्षात बसत नाहीत. मग वर बघायचं: स्लॅबखाली बीम किती उतरलाय, त्याखालून एसीचा डक्ट गेल्यावर आणि फॉल्स सीलिंग लावल्यावर डोक्यावर किती उंची उरेल. एअर हँडलिंग युनिटची खोली मजल्यावर आहे की बाहेर, ती कार्पेटमध्ये मोजलीय की नाही. विजेचा मंजूर भार किती, जनरेटर पूर्ण भार उचलतो की फक्त दिवे आणि लिफ्ट. दोन्ही जिने मोकळे आहेत का. आगीच्या जिन्यात रंगाचे डबे आणि मोडक्या खुर्च्या रचलेल्या दिसल्या की त्या इमारतीचं व्यवस्थापन कसं आहे हे तिथेच कळतं. पश्चिमेची काच असेल तर दुपारी तीननंतर एकदा परत यायचं. सकाळी साडेनऊला लिफ्टसमोर उभं राहून किती वेळ लागतो तो मोजायचा. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, या मजल्यापुरतं आलंय की खालच्याच मजल्यांचं आहे, हे मालकाच्या तोंडून न ऐकता कागदावर बघायचं.

आणि काही गोष्टी आम्ही बायका आपसूक बघतो, ज्या चेकलिस्टात बऱ्याचदा नसतात. बायकांची स्वच्छतागृहं किती आणि कुठे. तळघरातल्या पार्किंगच्या कोपऱ्यात रात्री दिवा असतो का. स्टेशन किंवा मेट्रोपासून फाटकापर्यंतचा रस्ता आठ वाजल्यानंतर कसा असतो. याला कुणी बाईपणाची हळवी बाजू समजू नये. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रियांना काम करायचं असेल तर त्यांची संमती आणि सुरक्षेची पुरेशी व्यवस्था लागते. परदेशी वेळेत काम करणाऱ्या कंपनीसाठी अंधारं पार्किंग म्हणजे रोजचा खर्च आणि कायद्याची जोखीम आहे. ते अहवालात लिहावं. मी लिहिते, आणि गिऱ्हाइकं ते पान आवर्जून वाचतात.

जागा आवडली की बोलणी सुरू होतात. इथे एक प्रसंग हमखास येतो. मालक वयाने मोठे, बोलायला गोड. चहा येतो, मग ते म्हणतात, "बेटा, तू छान दाखवलंस सगळं. रेटचं मी तुझ्या सरांशी बोलतो. त्यांना पाठव." त्यावर चिडून उपयोग नाही आणि सरांना फोन लावून तर मुळीच नाही. माझ्याबरोबर शिकलेल्या एका मुलीने दिलेलं उत्तर मला फार आवडलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "काका, सर येणार नाहीत, हे काम माझ्याकडेच आहे. तुमच्याच इमारतीत सहाव्या मजल्याचा दस्त झालाय, त्यातला दर हा. त्याच्या खाली मी मागत नाही. पण रेंट-फ्री मला तीन महिने हवेत." काकांनी कागद हातात घेतला, चष्मा लावला, आणि पुढचा तासभर ते तिच्याशीच बोलत होते.

रेंट-फ्री म्हणजे फर्निचर, वायरिंग, एसी होईपर्यंतचा भाडेमाफीचा काळ. तो साठ ते नव्वद दिवस मिळणं नेहमीचं आहे. लॉक-इन म्हणजे भाडेकरूला जागा सोडता येणार नाही असा काळ. पाच वर्षांच्या करारात तो बऱ्याचदा तीन वर्षांचा असतो. भाडेकरूने आतल्या कामावर मोठी रक्कम खर्च केलेली असते, म्हणून मालकाने मात्र पूर्ण मुदत बांधून घ्यावी, असा भाडेकरूच्या ब्रोकरचा आग्रह असतो. डिपॉझिट साधारण सहा महिन्यांचं. या सगळ्याचा कच्चा आराखडा म्हणजे टर्म शीट. वकिलांकडे जाण्याआधी खरी लढाई तिच्यावरच होते.

त्यातलं भाडेवाढीचं कलम मी नेहमी सोडवून दाखवते. 'दर तीन वर्षांनी 15 टक्के' आणि 'दरवर्षी 5 टक्के' हे ऐकायला सारखंच वाटतं. वरच्याच 9 लाख 80 हजारांच्या भाड्यावर 60 महिन्यांचा हिशोब केला तर पहिल्या पद्धतीत एकूण 6 कोटी 23 लाख 28 हजार होतात, दुसऱ्यात सुमारे 6 कोटी 49 लाख 81 हजार. फरक साडेसव्वीस लाखांचा. महिन्याच्या दरात दोन रुपये सोडवण्यासाठी आठवडाभर घासाघीस करणारा माणूस या कलमावर एका मिनिटात मान डोलावतो. दरातले दोन रुपये पाच वर्षांत साधारण साडेदहा लाखांच्या घरात जातात. मोठी रक्कम कुठे आहे हे गिऱ्हाइकाला वेळेवर दाखवणं हेच आपलं काम.

करार बहुधा लिव्ह अँड लायसन्सचा आणि 60 महिन्यांपर्यंतचा असतो. त्याला कारण आहे. महाराष्ट्रात अशा करारावर मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर दरवर्षी 10 टक्के धरलेल्या व्याजाच्या बेरजेच्या 0.25 टक्के पडतं. आपल्या उदाहरणात, तीन वर्षांनी वाढ धरली तर, ते सुमारे 1 लाख 63 हजार येईल. लीज केलं की शुल्काचा हिशोब मिळकतीच्या बाजारमूल्यावर जातो आणि रक्कम फुगते. मालकांचीही लायसन्सला पसंती असते, कारण त्यात जागेत हक्क तयार होत नाही, फक्त वापरायची परवानगी मिळते. भाडे नियंत्रण कायद्याची भीती मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत तशीही कमी आहे. बँका, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा अधिक भरणा झालेलं भागभांडवल असलेल्या कंपन्या त्याच्या संरक्षणाबाहेर ठेवलेल्या आहेत. हे सगळं वकील बघतातच. पण वकिलाला कोणता प्रश्न विचारायचा हे ज्या ब्रोकरला कळतं, तिचा करार महिना-महिना भिजत पडत नाही.

आता पैसे, कारण करिअर टिकतं किंवा तुटतं ते इथे. भाड्याच्या व्यवहारात दलाली साधारण एक ते दोन महिन्यांच्या भाड्याइतकी असते, आणि मोठ्या व्यवहारात ती बऱ्याचदा मालक देतो. आपल्या उदाहरणात एक महिना म्हणजे 9 लाख 80 हजार, वर 18 टक्के जीएसटी. पण ती कधी मिळते? अर्धी नोंदणीनंतर, अर्धी भाडं सुरू झाल्यावर, अशी रीत असते. गरज कळल्यापासून शेवटचा पैसा येईपर्यंत आठ-दहा महिने सहज जातात. ही रक्कम कंपनीची. मुलीला मिळतो पगार, आणि तिने आणलेली कमाई पगाराच्या काही पटीपलीकडे गेली की वरच्या रकमेतला ठरलेला हिस्सा. म्हणजे पहिलं वर्ष, खरंतर दीड वर्ष, कोरडंच जातं. त्या काळात पगार पुरेसा नसेल तर घरून आधार नसलेली मुलगी टिकत नाही. म्हणून पहिली नोकरी घेताना नुसत्या इन्सेन्टिव्हच्या आकड्यावर भुलू नये. पक्का पगार थोडा कमी-जास्त असू दे, पण असू दे.

याहून नाजूक बाब म्हणजे व्यवहाराचं श्रेय. एका व्यवहारात गिऱ्हाईक कुणी आणलं, जागा कुणी दाखवल्या, बोलणी कुणी केली, सही कुणी मिळवली, यावर हिस्से पडतात. मुलींकडे सरकतं ते मधलं काम: सादरीकरण, भेटीच्या वेळा, बैठकीच्या नोंदी, पाठपुरावा. व्यवहार त्यावरच उभा राहतो, पण हिस्सा पडताना त्याला 'को-ऑर्डिनेशन' म्हणून बाजूला काढलं जातं. अमेरिकेत या क्षेत्रातल्या स्त्रियांची 1989 साली उभी राहिलेली क्रू नेटवर्क नावाची संघटना दर पाच वर्षांनी पाहणी करते. तिच्या 2020 च्या अहवालात स्त्रियांचं प्रमाण 36.7 टक्के होतं, आणि ठरीव पगारातल्या तफावतीपेक्षा कमिशन-बोनसमधली तफावत कितीतरी मोठी होती. इथलं माझं निरीक्षण त्याहून वेगळं नाही. पगारपत्रकात बाई बरोबरीने दिसते, मार्चअखेरच्या वाटपात मागे पडते. म्हणून काम सुरू होतानाच, गिऱ्हाइकाचा पहिला ईमेल आल्याच्या आठवड्यात, कोणाचा किती हिस्सा ते लिहून घ्यावं. साध्या ईमेलवर चालतं. सही झाल्यावर हा विषय काढला की तो भांडणाचा होतो. सुरुवातीला काढला तर कामाचा असतो.

बाळंतपणाच्या रजेत ही गोष्ट सगळ्यात जास्त जाचते. 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते. पण आपल्या धंद्यात पेरलेलं उगवायला आठ-दहा महिने लागतात. एखादी मुलगी रजेवर जाते तेव्हा तिचे तीन व्यवहार अर्ध्यावर असतात. परत येते तेव्हा ते पूर्ण झालेले असतात, आणि नोंदवहीत गिऱ्हाइकासमोर दुसऱ्याचं नाव असतं. कुणी मुद्दाम केलं असंही नसतं. काम चालू होतं, त्याने केलं, नाव लागलं. यात चांगल्या बाया गळताना मी पाहिल्या आहेत, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण उपाय एका पानाचा आहे. रजेआधी हस्तांतराचा कागद करायचा: कोणतं गिऱ्हाईक, व्यवहार कुठवर आला, पुढे कोण बघणार, आधीच्या कामाचा हिस्सा किती टक्के, आणि परत आल्यावर ते गिऱ्हाईक कुणाचं. त्यावर वरिष्ठाची सही. काही कंपन्या हे आपणहून करतात. जिथे करत नाहीत तिथे मागावं, आणि मुलाखतीतच विचारावं.

सुरक्षेबद्दल घरच्यांची काळजी रास्त असते. रिकाम्या इमारती, अनोळखी मालक, संध्याकाळच्या भेटी. पहिल्या भेटीला एकटीने जायचं ते दिवसा. कुठे, कुणाला भेटते आहे हे ऑफिसच्या कॅलेंडरवर असावं. मालकाचा माणूस बरोबर नसेल तर फाटकावरच्या नोंदवहीत नाव आणि वेळ लिहून वर जावं. आणि हे माहीत असावं की कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा ऑफिसच्या चार भिंतींपुरता नाही. कामानिमित्त भेट दिलेली जागा आणि कंपनीने दिलेलं वाहनही त्यात येतं. दहापेक्षा कमी माणसांच्या ब्रोकर ऑफिसात अंतर्गत समिती नसेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं.

इथवर टिकलेल्या बाईला पुढे काय दिसतं? वरच्या टोकाची उदाहरणं आहेत. न्यूयॉर्कच्या मेरी ॲन टाय कलाक्षेत्रातून आल्या, 1984 मध्ये या धंद्यात शिरल्या. काँडे नास्ट या प्रकाशनसंस्थेला त्यांनी आधी टाइम्स स्क्वेअरला आणि पुढे 2011 मध्ये वन वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये सुमारे 10 लाख चौरस फूट जागा मिळवून दिली. दोन व्यवहारांमध्ये पंधरा वर्षांचं अंतर, आणि गिऱ्हाईक तेच. मला त्यांच्या कारकिर्दीतली हीच गोष्ट सगळ्यात बोलकी वाटते. आपल्याकडे राधा धीर यांच्याकडे 2021 मध्ये जेएलएल इंडियाची सूत्रं आली. त्या गुंतवणूक बँकिंगमधून आलेल्या. दोघींपैकी एकीचीही सुरुवात या धंद्यात झाली नव्हती, ही बाब तिशीनंतर वळू पाहणाऱ्या स्त्रियांनी लक्षात घेण्यासारखी आहे.

सात-आठ वर्षांनंतर वाटा फुटतात. काहीजणी मालकाच्या बाजूला जातात. 2019 मध्ये एम्बसी ऑफिस पार्क्स हा देशातला पहिला रीट, म्हणजे भाड्याच्या इमारतींची मालकी असलेला गुंतवणूक ट्रस्ट, शेअर बाजारात आला, मग माइंडस्पेस आणि ब्रुकफील्ड आले. या रीटना मजले रिकामे राहणं परवडत नाही, म्हणून लीजिंग बघणारी पक्क्या पगाराची माणसं लागतात. काहीजणी गिऱ्हाइकाच्याच कंपनीत जागांचं खातं सांभाळतात. तिथे वेळ ठरलेली असते आणि कमिशनची चढउतार नसते, म्हणून लहान मुलं असलेल्या माझ्या मैत्रिणींनी ती वाट धरली आणि त्या तिथे समाधानी आहेत. काही सल्लागार कंपनीतच चढत जातात. आणि काही स्वतःचं ऑफिस थाटतात, बहुधा जुन्या गिऱ्हाइकांच्या जोरावर. पाच वर्षांपूर्वी जिच्या हातून करार झाला, तिला त्या कंपनीच्या खांबांपासून कलमांपर्यंत सगळं ठाऊक असतं. मुदत संपत आली की फोन तिलाच येतो.

स्वतःचं ऑफिस म्हणजे आता संरक्षणही स्वतःच उभं करायचं, कारण रजा, पगार, समिती यातलं काहीच पाठीशी नसतं. गिऱ्हाइकाकडून मँडेटचं, म्हणजे जागा शोधायचं काम सोपवल्याचं, पत्र घेतल्याशिवाय जागा दाखवू नये. मालकाकडे जागा नोंदवताना गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीख ईमेलवर टाकावी, म्हणजे पुढे दुसरा ब्रोकर मधे आला तरी पुरावा राहतो. दलालीचा दर आणि ती केव्हा देय होते हे टर्म शीटच्या टप्प्यावरच मालकाकडून लेखी घ्यावं. वार्षिक उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते. मोठी गिऱ्हाइकं ती आधीच मागतात. आणि उद्यम नोंदणी पहिल्याच दिवशी करावी. ती मोफत होते. दलाली ही सेवा असल्याने एकटीचं ऑफिस सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदवता येतं, आणि मग सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे बिलाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात; उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं, आणि त्यासाठी राज्याच्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. परिषदेपर्यंत जायची वेळ क्वचितच येते. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि 45 दिवसांची ओळ छापलेली असली, की मालकाचा अकाउंटंट ते बिल गठ्ठ्याच्या तळाशी ढकलत नाही.